उघडलंच आहे तर

इस्लामपुरात माझी शेड आहे. जुनी डिझेल इंजिनं, पाण्याचे पंप, ट्रॅक्टरचे सुटे भाग मी घेतो, दुरुस्त करतो आणि विकतो. मूळ गाव साताऱ्याकडच्या दुष्काळी पट्ट्यातलं. वडिलांनी ठेवलेलं काही नव्हतं. एका मिस्त्रीच्या हाताखाली सात वर्षं काळं तेल अंगावर घेतलं आणि मग स्वतःचं उभं केलं. मोठेपणा सांगायचा नाही. माझी चूक कुठून आली ते कळावं, म्हणून सुरुवात इथून करतो.

आमच्या कामाची एक रीत आहे. इंजिन एकदा उघडलं की नुसता बिघडलेला भाग बदलून ते बंद करायचं नाही. हेड उतरवलंय, पिस्टन बाहेर आलाय, तर रिंगा बदला, लायनर बदला, बेअरिंग बदला. चांगलं दिसत असलं तरी बदला. कारण पुन्हा उघडायचं म्हणजे पुन्हा दोन दिवस पंप बंद आणि ऊस उन्हात. शेतकरी आधी नको म्हणतो. त्याला पटवता पटवताच माझी जीभ तयार झाली. "उघडलंच हाय तर सगळंच करून घ्या," हे वाक्य मी हजार माणसांना ऐकवलं असेल.

सौद्याचं दुसरं एक शहाणपण मी त्याच काळात शिकलो. समोरचा "नाही" म्हणतो तोवर बोलत राहायचं. तो "बघू" म्हणाला की गप्प बसायचं. बघू म्हणजे सौदा झाला.

शेड माझी असली तरी शेडची आठवण माझ्या बायकोची होती. लोखंडी मांडण्या, त्यांवर तेलाचे जुने डबे, डब्यांत नट, व्हॉल्व्ह, बुशिंग, पिना. एकाही डब्यावर चिठ्ठी नव्हती. गिऱ्हाईकानं इंजिनाचं नाव आणि साल सांगितलं की ती भाजी निवडता निवडता म्हणायची, "तिसरी मांडणी, खालचा खण, डाव्या हाताचा डबा." आणि तो भाग तिथंच असायचा. पलूसकडच्या शेतकऱ्याची मुलगी, शाळा सातवीपर्यंत. पण मी गेल्या वर्षी कुठलं इंजिन कोणाला दिलं, त्याला कुठला भाग जुना बसवला, हे मला तिला विचारावं लागायचं.

ती सदतीस वर्षांची होती तेव्हा अंगावरून फार जायला लागलं. महिन्यातले दहा-बारा दिवस ती पांढरीफटक असायची. आमची मुलगी तेव्हा बारावीला होती, तीच घरचा स्वयंपाक करायची. तालुक्याच्या एका डॉक्टरनं तपासलं, सोनोग्राफी केली आणि सांगितलं, गर्भपिशवीत गाठी आहेत, पिशवी काढावी लागेल. ठीक आहे म्हटलं.

ऑपरेशनच्या सकाळी तिला बाहेरच्या खोलीत खाटेवर सलाईन लावलं होतं. डॉक्टरनं मला आत बोलावलं.

"अंडाशयं चांगली आहेत," तो म्हणाला. "वय कमी आहे, ती ठेवू."

"ठेवली आन् उद्या त्यात गाठ झाली तर?"

"शक्यता कमी असते."

"पर असते का न्हाई?"

"असते. पण तशी ती कशातही असते."

"मग परत पोट फाडणार. आवं डॉक्टर, मी इंजिनाचा माणूस हाय. उघडलंच हाय तर सगळंच काढा की. पोरगी बारावीला गेली, आता त्येचा उपेग तरी काय?"

तो हसला. "बाईचं शरीर म्हणजे इंजिन नाही."

"खोलायचं तर एकदाच खोलायचं, येवढंच म्हणतोय मी."

तो दोनदा नाही म्हणाला. मी दोनदा तेच फिरवून सांगितलं. मग त्यानं घड्याळाकडं पाहिलं. बाहेर आणखी तीन बाया बसल्या होत्या. "बघू," तो म्हणाला. मी गप्प बसलो. नर्सनं कागद पुढं केला, त्यावर मी सही केली.

मधल्या दारापासून खाट दहा पावलांवर होती. ती जागी होती. तिला जाऊन सांगावं, असं मला वाटलंसुद्धा नाही.

रक्त जायचं थांबलं. मी खूश होतो. ज्याला त्याला सांगायचो, एका फटक्यात सगळं काम करून घेतलं, परत कटकट नाही. ती मात्र भर थंडीत पदरानं वारा घ्यायची. झोप गेली. चिडचिडी झाली, मग गप्प झाली. आमच्याकडं बाया असल्या गोष्टी बोलत नाहीत आणि पुरुष विचारत नाहीत. मी तर चिडचिडीला चिडचिडीनं उत्तर द्यायचो.

अकरा वर्षं गेली. ती अठ्ठेचाळीसची होती. सकाळी एक गिऱ्हाईक जुन्या इंजिनाचा व्हॉल्व्ह मागायला आलं. ती उठली, बरोबर त्या मांडणीपाशी गेली, बरोबर तो डबा उचलला, आणि डबा तिच्या उजव्या हातातून निसटला. सगळे व्हॉल्व्ह शेडभर घरंगळले.

मी ओरडलो. "डोळं फुटलं का तुझं?" असं काहीतरी. आधी ओरडलो, तिच्याकडं पाहिलं नंतर. तिचं तोंड एका बाजूला गेलं होतं. ती माझ्याकडं बघत "ते... ते..." एवढंच म्हणत होती.

सांगलीला नेलं. मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीनं तुंबली होती. जीव वाचला, पाय परत आला, उजवा हात अर्धा आला. शब्द मात्र सगळे परत आले नाहीत. वस्तू दिसते, तिचा उपयोग माहीत असतो, नाव सापडत नाही.

सांगलीची मेंदूची डॉक्टर तरुण होती. माझ्या मुलीपेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठी. तिनं पुष्कळ प्रश्न विचारले. बीपी, साखर, तंबाखू. बायकोला यातलं काही नव्हतं. मग विचारलं, "यांची पाळी कधी गेली?"

माझं डोकं फिरलं. "लकवा डोक्याचा हाय का पाळीचा?" मी म्हणालो. "बीपी मला हाय. तंबाखू मी खातो. दिवसभर आरडाओरडा मी करतो. सहा वर्षांनी मोठा मी. ह्यो झटका माझ्या नावाचा हुता, तो तिला का आला ते सांगा."

मेव्हणा शेजारी उभा होता. बायकोचा थोरला भाऊ, फौजेतून सुभेदार होऊन पलूसला परत आलेला. तो म्हणाला, "दाजी, आवाज खाली. हितं आजारी माणसं हायती."

डॉक्टर रागावली नाही. म्हणाली, "तुमचा प्रश्न बरोबर आहे. म्हणूनच पाळीचं विचारलं."

तिनं जे सांगितलं ते मला जसं कळलं तसं लिहितो. मेंदूला रक्त कमी पडलं की पेशी मरायला लागतात. बाईच्या अंडाशयांतून एक हार्मोन रक्तात येत असतं, इस्ट्रोजेन. ते फक्त मुलं होण्यासाठी नसतं. ते रक्तवाहिन्या सैल ठेवतं, सूज आवरतं, आणि मेंदूच्या पेशीला वाईट वेळ आली तर तग धरायला मदत करतं. पन्नाशीच्या आतल्या बायकांना पुरुषांपेक्षा असे झटके कमी येतात, त्यामागचं हे एक कारण मानतात. पाळी गेली की हा फरक कमी होत जातो.

"मग पुरुषाला कोण सांभाळतं?" मेव्हण्यानं विचारलं.

"पुरुषाच्या मेंदूत पुरुषी हार्मोनपासून थोडं इस्ट्रोजेन तयार होतं. तुमच्या दोघांच्याही मेंदूत आत्ता होत असेल. पुरुषाचं हे सगळं वयाबरोबर हळूहळू उतरतं. एका दिवसात कोणी काढून नेत नाही. यांचं सदतिसाव्या वर्षी एका दिवसात गेलं."

"म्हंजे त्येच्यामुळंच झालं?"

"एका माणसाच्या बाबतीत तसं छातीठोक सांगता येत नाही. धोका वाढला असणार, एवढंच म्हणता येतं."

मी माझ्या सवयीवर गेलो. म्हणालो, "मग आता भायेरून द्या. कुठंबी मिळत असू दे, मी आणतो."

"आता नाही."

"थोडं थोडं द्या."

"झटका येऊन गेल्यावर तेच औषध गुठळ्या वाढवू शकतं. द्यायचं होतं ते ऑपरेशनपासून, पन्नाशीपर्यंत, तपासण्या करत."

मी तीन तऱ्हांनी विचारलं. ती एकदाही "बघू" म्हणाली नाही. सौदा न झालेली अशी माझ्या आयुष्यातली माणसं थोडी आहेत, त्यांत ती एक.

बाहेर आल्यावर मेव्हणा म्हणाला, "चांगली अंडाशयं काढली त्या कसाबानं. दाजी, त्येला सोडायचा न्हाई."

"सोडत न्हाई," मी म्हणालो, आणि ते मी मनापासून म्हणालो. गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची होती. माझ्या डोक्यात एवढंच राहिलं होतं, की डॉक्टरनं काढली. माणसाला काय विसरायचं ते बरोबर कळतं.

बायको घरी आल्यावर मी त्या डॉक्टरकडं गेलो. मेव्हण्याला न सांगता एकटा गेलो, कारण भांडण मला एकट्यालाच करायचं होतं. चार बाया बसल्या होत्या त्यांच्या देखत मी टेबलावर हात आपटला. डॉक्टर आता म्हातारा झाला होता. त्यानं आतून पिवळी पडलेली फाईल मागवली आणि माझ्यापुढं उघडून ठेवली. त्याच्या अक्षरात ओळ होती: दोन्ही अंडाशये निरोगी, नातेवाईकांच्या आग्रहावरून काढली. खाली माझी सही. मोठी, फराटेदार, मी सौद्याच्या कागदावर करतो तशी. रुग्णाच्या सहीची जागा कोरी होती.

"तुम्ही डॉक्टर हुता," मी म्हणालो. "मी सांगितलं म्हणून काय झालं?"

"हो," तो म्हणाला. "मी ऐकायला नको होतं."

त्यानंतर भांडायला काही उरलं नाही. तरी एक सांगतो. पुढं गोळ्या घ्याव्या लागतात, हे त्यानं त्या वेळी तोंडातूनही काढलं नव्हतं. तो राग माझ्या मनात अजून आहे आणि मी तो सोडणार नाही. पण तेवढाच राग माझ्या हक्काचा आहे. बाकीचा माझ्यावरच निघतो.

मेव्हण्यानं विचारलं, काय म्हणाला डॉक्टर? मी म्हणालो, कागद सापडत नाहीत म्हणतो. तिथून पुढं सहा वर्षं आम्ही दोघं मिळून त्या डॉक्टरला शिव्या देत आलो. लग्नात, जत्रेत, मयतीत. मेव्हणा शिवी द्यायचा, मी मान हलवायचो. बायको शेजारी बसून ऐकायची.

घरी मुलीनं प्रत्येक डब्यावर चिठ्ठ्या लावल्या. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी आम्हाला एक नियम घालून दिला होता: शब्द अडला तर तुम्ही पुरवायचा नाही, वाट बघायची. मला ते कधी जमलं नाही. ती "ते गोल..." म्हणाली की मी लगेच "वॉशर का? बुश का?" सुरू. ती मान खाली घालायची.

मुलगी आता पस्तीसची आहे. साताऱ्याला दिली आहे. जावयाची टॅक्सी आहे, महाबळेश्वरची भाडी मारतो. यंदा जूनच्या शेवटी तिचा फोन आला. तिलाही गाठी निघाल्या होत्या. पिशवी काढायची ठरली होती.

"पावसाळ्यात गाडी उभीच असते," ती म्हणाली. "हे घरी हायत तोवर उरकून घेते, अण्णा. आणि सगळंच काढून घेते. आईसारखं. परत कटकट नको."

आईसारखं. परत कटकट नको. माझंच वाक्य होतं, तिनं बारावीत ऐकलेलं. ऑपरेशन बुधवारी होतं. मी फोनवर "बरं" म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी बायकोला गाडीत घालून साताऱ्याला गेलो.

मुलीच्या स्वयंपाकघरात बसलो. बाहेर पाऊस लागून राहिला होता. बायको जमिनीवर लसूण सोलत होती, पाकळी उजव्या हातानं दाबून धरायची आणि डाव्यानं साल काढायची. जावई पोरांना आणायला शाळेत गेला होता. मी विचारलं, "तुझ्या डॉक्टरीणबाई काय म्हणतात?"

"त्या म्हणाल्या, अंडाशयं चांगली हायत, राहू द्या. मीच म्हटलं, काढायचं तर सगळंच काढा."

"मग?"

"आधी नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, बघू."

मी म्हणालो, "काढू नको. सांगलीच्या डॉक्टरनं सांगितलेलं, डोक्याला त्येचा आधार असतोय. तुझ्या आयच्या डॉक्टरनं चूक केली."

"त्यांना काय उगाच काढायची हौस होती का? काहीतरी बघूनच काढली असतील."

"चांगली हुती. तरी काढली."

"मग सहा वर्षं झाली, तुमी त्याला कोर्टात का न्हाई खेचलं?" ती म्हणाली. "मामा तर दर लग्नात विचारतो. पान्याचा आटा गेला तर तुमी दुकानदाराला चव्हाट्यावर आणता. आणि ह्या डॉक्टरला नुसत्या शिव्या?"

लेक माझीच आहे. सौद्यात कुठं धरायचं ते तिला कळतं.

मी अर्धं सांगून सुटायला बघत होतो. अर्ध्यावर ती ऐकणार नव्हती आणि बुधवारला चार दिवस होते. मग सगळं सांगितलं. डॉक्टर नको म्हणत होता. मी इंजिनाचं सांगितलं. तो दोनदा नाही म्हणाला, मी दोनदा फिरवून बोललो. तो बघू म्हणाला. सही माझी. फाईल मी पाहिली आहे, कागद सापडत नाहीत हे खोटं.

बायकोचा लसूण सोलणारा हात थांबला होता.

"मी... कुठं हुते?" बायकोनं विचारलं.

"भायेर. खाटेवर."

"जागी?"

"व्हय."

"मग... मला..." आणि तिचा शब्द अडला.

तिची बोटं हलली. ओठ हलले. कुठला शब्द अडलाय ते मला माहीत होतं, मुलीलाही माहीत होतं. तो पुरवणं एका श्वासाचं काम होतं. मी जीभ दातांत धरली. आम्ही वाट बघत बसलो. पन्हाळीचं पाणी पडत होतं. ती मांडण्यांत शोधते तसं शोधत होती, चिठ्ठ्या नव्हत्या तेव्हा शोधायची तसं.

"इचारायचं," ती म्हणाली. मग पुन्हा, सगळं जोडून, "मला इचारायचं."

"व्हय," मी म्हणालो.

ती परत लसूण सोलायला लागली. संध्याकाळी तिनं मला चहा दिला नाही. मुलीनं दिला.

सोमवारी मुलगी पुन्हा तिच्या डॉक्टरकडं गेली. मी गाडी चालवली आणि बाहेरच्या बाकावर बसलो. आत तिची आई गेली. अर्ध्या तासानं दोघी बाहेर आल्या. पिशवीच काढायची, अंडाशयं ठेवायची, असं मुलीनं स्वतः सांगितलं होतं. डॉक्टरीणबाईंनी आईचे सगळे प्रश्न ऐकून घेतले, शब्द सापडेपर्यंत थांबल्या, असं ती म्हणाली. आईनं काय विचारलं ते मला दोघींनीही सांगितलं नाही.

बुधवारी नर्स कागद घेऊन आली. मुलीची सही आधीच झाली होती. नातेवाईकाची हवी, म्हणून तिनं रीतीप्रमाणं घरातल्या मोठ्या पुरुषाकडं कागद धरला. जावई माझ्याकडं बघू लागला. मी कागद घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला, आणि बायकोच्या हातात दिला.

"यांना जमेल का?" नर्स म्हणाली.

"जमंल," मी म्हणालो. "थांबा जरा."

बायकोनं पेन डाव्या हातात घेतलं. मी तिला ती ओळ बोटानं दाखवायला गेलो, तिनं माझा हात बाजूला केला. तिनं पण कागद वाचला. मग सही केली. अक्षरं वाकडी आली, वेळ लागला, नर्स दोनदा दाराशी जाऊन आली.

दुपारी डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, सगळं नीट झालं, दोन्ही अंडाशयं जागेवर आहेत. हे त्यांनी बायकोकडं बघून सांगितलं.

मुलगी घरी चालती-फिरती झाल्यावर आम्ही परत निघालो. कऱ्हाड मागं पडलं. इस्लामपुरात शिरलो, आमच्या घराचं वळण आलं तेव्हा बायको म्हणाली, "सरळ... घ्या."

"कुठं?"

ती शोधत राहिली. मी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद करून थांबलो.

"पलूस," ती म्हणाली. "दादाला सांगा."

मी गाडी सुरू केली आणि घराचं वळण सोडून पुढं गेलो.